तरे दुसऱ्या बाजूने बोलायचे

जगन्नाथ तरे कुठल्याही गोष्टीला लगेच 'हो' म्हणाले, की आम्ही त्यांना विचारायचो, "बरं नाही का आज?" कारण धडधाकट तरे कुणाचंही म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य करत नसत. "आज काय उकडतंय!" असं नुसतं म्हणालात, तरी ते मान वर करून विचारायचे, "कशावरून?" मग तुम्ही घाम पुसत पुरावे द्यायचे. ते सगळं नीट ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हां, पण आंब्याला हवाच हाय हा उकाडा." झालं! आता बसा आंबा आणि उकाडा यावर बोलत.

हे सगळं भिवंडीत चालायचं, सत्तरनंतरच्या वर्षांत. त्या काळी भिवंडीत कॉम्प्युटर होता असं मी सांगते तेव्हा लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. पण होता बाबांनो. मुंबईच्या एका कापड कंपनीचं आग्रा रोडला मोठं गोडाऊन होतं. कंपनी गावातल्या लूमवाल्यांना, म्हणजे यंत्रमाग चालवणाऱ्यांना, सूत द्यायची आणि ते कापड विणून परत आणायचे. मुंबईच्या ऑफिसात नवं मशीन आलं, तेव्हा जुन्याचं काय करायचं म्हणून ते आमच्या गोडाऊनच्या माडीवर आणून बसवलं. कपाटाएवढे चार-पाच डबे, एक कार्ड वाचणारं यंत्र, एक धडधडणारा प्रिंटर, आणि या सगळ्याला थंड ठेवणारी मोठी एअरकंडिशनर. घरी आई मला मे महिन्यातसुद्धा स्वेटर बरोबर द्यायची आणि शेजारच्या बायका बघत राहायच्या.

मशीन गारव्यात होतं, पण होतं भिवंडीतच. आजूबाजूला लूमची खडखड, आणि हवेत कापसाचा बारीक भुगा. तो भुगा दाराच्या फटीतून यायचा, कार्डं वाचणाऱ्या यंत्रात शिरायचा आणि कार्ड मध्येच चुरगळून अडकायचं. सकाळची शिफ्ट सुरू झाली की गावभर एकदम लूम चालू व्हायचे, व्होल्टेज पडायचं आणि आमचं मशीन गप. म्हणून रोजचे बारीक हिशेब कसेबसे काढायचे आणि मोठी कामं शुक्रवारी करायची. शुक्रवारी लूमना सुट्टी, त्यामुळे वीज सरळ चालायची. मुंबईचा इंजिनियर पहिल्यांदा आला तेव्हा त्याला हे सांगितलं, तर त्याला वाटलं आम्ही त्याची फिरकी घेतोय.

या खोलीत प्रोग्राम लिहिणारे आम्ही तिघं. तरे, इकबाल मोमीन आणि मी. मी आधी पंचिंगला होते, म्हणजे हिशेबाचे आकडे कार्डांवर भोकं पाडून उतरवायच्या मशीनवर. तिथून हळूहळू कोबॉल ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले. मोमीन गावातलाच, विणकरांच्या घरातला, बोलायला लागला की अर्धं मराठी अर्धं हिंदी. आमच्यावर कारखानीस साहेब. ते मूळचे अकाउंट्सचे. कॉम्प्युटरचं खातं त्यांच्या गळ्यात पडलं होतं आणि ते ते निभावत होते. शेजारच्या खोलीत पंचिंगच्या मुली. त्यांच्या पगारावर घरं चालत होती, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे ते महत्त्वाचं आहे.

तरे जवळच्याच दिघाशी गावचे. घरी थोडी भातशेती, आई, आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले वडील. गणितात बीएस्सी झालेले हे गृहस्थ रोज सायकल मारत भिवंडीला यायचे. पायजम्याला क्लिप लावलेली, ऑफिसात आले की क्लिप काढायची, पँट घालायची, केसांना पाणी लावायचं. त्यांची आई गावात सांगायची, "पोरगा मशीनवर हाय." लोक विचारायचे, "किती लूम चालवतो?" तरेंनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "समजावत बसलो तर इचारतील, मंग दिसभर करतंस काय? त्याचा उत्तर माझ्याकडं न्हाय."

आता वादांबद्दल सांगते. दुपारच्या चहाला आम्ही एकत्र बसायचो आणि वाद घालायचो. विषय सगळे धंद्यातलेच. प्रोग्राम लिहिण्याआधी फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची आकृती, काढावा की नंतर? मोमीनच्या चुलत्याकडून परदेशी मासिकं यायची, बोटीने, शिळी होऊन. त्यात अमुक एक नवं यंत्र आलंय म्हणतात, ते खरं की थाप? या वादांना तरेंनी एक नियम लावला होता. पहिल्यांदा प्रत्येकाने आपली बाजू मांडायची. अर्धा चहा संपला की ते टेबलावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "बाजू!" की बाजू बदलायच्या. आतापर्यंत ज्याच्या विरुद्ध घसा कोरडा केला, तेच आता मनापासून मांडायचं, नाटकीपणा चालणार नाही. आणि शेवटी समोरच्याने त्यावर तोड द्यायची, म्हणजे ते मुद्दे एकेक करून खोडून काढायचे. तोड दिल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, हा नियम सगळ्यात कडक. चहा थंड झाला तरी चालेल, कारखानीस साहेब घड्याळाकडे बघत असले तरी चालेल.

फ्लोचार्टवरून कारखानीस साहेबांचा आग्रह असा, की आधी फ्लोचार्ट, त्यावर त्यांची सही, मग प्रोग्राम. तरे म्हणायचे, "साहेब, मूल जन्माला यायच्या आधी पत्रिका मांडतात काय?" ते आधी प्रोग्राम लिहायचे, चालवून बघायचे, मग निवांत बसून सुंदर फ्लोचार्ट काढायचे आणि आठवड्यापूर्वीचा असल्यासारखा सहीला द्यायचे. साहेब प्रत्येक वेळी म्हणायचे, "बघा, फ्लोचार्ट आधी काढला की प्रोग्राम कसा पहिल्या झटक्यात चालतो!" आम्हाला हसू दाबता दाबता ठसका लागायचा. पण बाजू बदलली, की हेच तरे फ्लोचार्टच्या बाजूने असं काही बोलायचे, की एकदा मोमीनने कान पकडले आणि खरोखर महिनाभर आधी फ्लोचार्ट काढले. तरेंनी स्वतः मात्र काढले नाहीत. "माझा मत बदलला न्हाय, तुमचा बदलला," म्हणाले.

माशांचा किस्सा तर सांगायलाच हवा. प्रोग्राममध्ये आकडे ठेवायच्या जागांना नावं द्यावी लागतात. पुस्तकात लिहिलेलं, नावं अर्थपूर्ण द्या. तरेंनी सगळ्या जागांना मासळीची नावं दिलेली. बोंबील, कोलंबी, मांदेली, निवटी. मोमीन वैतागून ओरडला, "अरे तरे, यहाँ लिखा है कोलंबी को बोंबील में ॲड करो. क्या बनेगा उसका? कालवण?" तरे शांतपणे म्हणाले, की अर्थपूर्ण नावांनी माणूस फसतो. 'एकूण सूत' असं नाव दिलं की आपण गृहीत धरतो, त्यात एकूण सूतच असणार. बोंबील म्हटलं की प्रत्येक वेळी तपासून बघावं लागतं आत काय आहे ते. शेवटी प्रकरण कारखानीस साहेबांपर्यंत गेलं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. आम्हाला वाटलं आता तरेंची खरडपट्टी निघणार. साहेब म्हणाले, "तरे, हे बरोबर नाही. ग्रँड टोटलला तुम्ही बोंबील दिलाय. ग्रँड टोटलला पापलेट हवं." आणि तरेंनी ते मानलं! त्या खात्यात त्यांनी विनाअट मानलेला तो एकच निर्णय.

'गो टू'वरून झालेला वाद आठवडाभर चालला. प्रोग्राममध्ये या ओळीवरून त्या ओळीवर उडी मारायची सोय असते, ती वापरणं वाईट, असं मोमीनच्या मासिकात आलं होतं. मोमीन म्हणे, "गो टू निकाल दिया तो प्रोग्राम जाएगा कहाँ? बैठा रहेगा बेचारा!" तरे उठले आणि त्याला दिघाशीचा रस्ता सांगायला लागले. सरळ जा, वडाशी पोचलास की परत मागे पुलाशी जा, पूल दिसला नाही तर पुन्हा नाक्यावर ये, नाक्यावर आलास की वडाकडे बघ. मोमीन डोकं धरून बसला. तरे म्हणाले, "तुझा सुताच्या शिल्लकीचा प्रोग्राम असा हाय. मी तीन वेळा वाचला, तीनही वेळा नाक्यावर आलो."

एवढं वाचून कुणाला वाटेल, की हा माणूस नुसता टोळभैरव होता. अजिबात नाही. त्यांचा सुताचा हिशेब करणारा प्रोग्राम, म्हणजे कुणाला किती सूत दिलं आणि त्याचं किती कापड यायला हवं ते सांगणारा, हा त्या मशीनचा जीव होता. तो पहिल्यांदा चालवायच्या आदल्या दिवशी तरेंनी चहाला स्वतःच टिचकी मारली आणि स्वतःच्याच प्रोग्रामविरुद्ध बोलायला उभे राहिले. बोलता बोलता थांबले. म्हणाले, "एखाद्यानं सूत न वापरता तसाच परत दिला तर?" तो विचार कुणीच केला नव्हता, त्यांनीही नाही. प्रामाणिक लूमवाला चोर ठरला असता. त्यांनी प्रोग्राम थांबवला, दुरुस्त केला, आणि तो अडवायची हिंमत दुसऱ्या कुणात नव्हती म्हणून आम्ही सगळे त्यांच्यावर खूश झालो. त्यांची ती सवय खोडकरपणाची दिसायची, पण ती त्यांची काम करायची पद्धत होती. स्वतःच्या विरुद्ध जीव तोडून बोलायचं, मग दुसऱ्याकडून तोड घ्यायची, आणि त्यातून जे उरेल ते खरं धरायचं.

आणि त्यांना तिथेच राहायचं होतं. हे मी अनेकदा ऐकलंय. एकदा पंचिंगची शालिनी म्हणाली, "तरेसाहेब, तुम्ही मुंबईत का नाही जात? तिकडे दुप्पट पगार मिळेल." तेव्हा ते, चक्क वाद न घालता, म्हणाले, "बाबांना सकाळ-संध्याकाळ कुशीवर वळवावं लागतं. आईच्यानं होत न्हाय. दिघाशीवरनं सायकलनं जाता येईल असा कॉम्प्युटर देवानं एकच ठेवलाय, तो सोडून जाऊ?"

मग ती बातमी आली. कंपनीचे मोठे शेठ थकले होते आणि कारभार धाकट्या शेठकडे गेला होता. तो परदेशात शिकून आलेला, तरुण, हसतमुख. त्याने विचारलं, भिवंडीला वेगळं मशीन कशाला? कार्डं टेम्पोने मुंबईला पाठवा, तिथल्या मशीनवर काम होईल. कारखानीस साहेबांनी हातापाया पडून एक बैठक मिळवली. शुक्रवारी शेठ भिवंडीला येणार, आमचं म्हणणं ऐकणार आणि मग ठरवणार. मशीन गेलं तर खातं जाणार, पंचिंगच्या मुली घरी जाणार. आणि तरेंना दिघाशी किंवा कॉम्प्युटर, दोन्हीतलं एक सोडावं लागणार.

बोलायचं तरेंनी, हे न ठरवताच ठरलं. दुसरं कोण बोलणार? आठवडाभर चहाच्या वेळी तालीम चालली. तरे मशीनच्या बाजूने बोलायचे, मग टिचकी, मग मशीनच्या विरुद्ध बोलायचे, आणि मोमीन आणि मी तोड द्यायचो. इतकी छान तयारी झाली होती, की साहेबांनी शुक्रवारसाठी सर्वांना बटाटेवडे सांगून ठेवले होते.

शुक्रवारी शेठ आला. मला टिपणं घ्यायला बसवलं होतं. तरे बोलले, आणि काय बोलले! लूमवाला सकाळी कापड घेऊन येतो, त्याचा हिशेब संध्याकाळी त्याच्या हातात पडतो. हेच मुंबईहून यायला आठवडा लागेल, तेवढ्यात तो दुसऱ्याचं सूत घेऊन बसेल. चूक झाली तर माणूस समोर आहे, विचारता येतं. शेठ लक्ष देऊन ऐकत होता. पटतंय हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी मनातल्या मनात वड्यांपर्यंत पोचले होते.

शेठ म्हणाला, "फार छान मांडलंत. आता मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असता आणि मशीन हलवायचं असतं, तर काय म्हणाला असता?"

अहो, कुणीही दुसरा असता तर म्हणाला असता, "छे छे, तसं म्हणण्यासारखं काहीच नाही साहेब." तरेंचे डोळे चमकले. ती चमक मी रोज चहाला बघायचे. मोमीनने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, मी खोकले. पण त्यांच्या लेखी शेठने टेबलावर टिचकी मारली होती. "बाजू" म्हटल्यावर हातचं राखून बोलणं ही त्यांच्या मते लबाडी. ते बोलायला लागले. कापसाचा भुगा आणि चुरगळलेली कार्डं. व्होल्टेज. आठवड्यातून एकच दिवस धड चालणारं मशीन. मुंबईहून इंजिनियर यायला लागणारा वेळ, तोवर थंड पडलेलं खातं. एअरकंडिशनरचं विजेचं बिल, हे तर आमच्या तालमीतही कधी निघालं नव्हतं. एकेक मुद्दा असा बिनतोड, की मला स्वतःला वाटायला लागलं, खरंच की, हे मशीन इथे ठेवलंय तरी कुणी!

बोलणं संपलं. तरे खाली बसले आणि अपेक्षेने मोमीनकडे वळले. तोड! आता मोमीन तोड देणार, मग मी देणार, आणि मग जे उरेल ते खरं. मोमीन अर्धा उठलासुद्धा. "सर, इस पे हमारा कहना..." एवढंच बोलला, आणि कारखानीस साहेबांनी घाबरून त्याचा हात दाबला. "मोमीन, बसा. शेठना वेळ नाही." शेठ खरंच उठला होता. तो हसत म्हणाला, "आता कुणी काही बोलायची गरजच नाही. यांनी सगळं सांगितलं. इतका सरळ माणूस मी कंपनीत पाहिला नव्हता." त्याने तरेंचा हात हातात घेऊन हलवला. तरे म्हणत होते, "साहेब, पण अजून तोड व्हायचीय..." शेठला त्याचा अर्थ कळायचं काही कारण नव्हतं. तो जिना उतरून गेला, गाडीचा दरवाजा लागला.

वडे आले होते. कुणी हात लावला नाही.

खातं बंद व्हायला थोडे महिने लागले. तरेंना कुणीही बोल लावला नाही. मोमीनने तर त्यांना मिठी मारली आणि म्हणाला, "यार, तूने तो ईमानदारी की हद कर दी." पण पंचिंगच्या मुलींना आमचे चहाचे नियम काय माहीत? त्यांना एवढंच कळलं, की तरेसाहेब शेठसमोर मशीन हलवा म्हणाले. शालिनी शेवटच्या दिवशी पगाराचा हिशेब घेऊन निघाली, तेव्हा दारात थांबून म्हणाली, "तरेसाहेब, तुम्हाला जिंकायचंच होतं ना? जिंकलात." ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. साधं म्हणाली. तरे हातात पायजम्याची क्लिप घेऊन तसेच उभे राहिले.

शेठने त्यांना मुंबईला बोलावलं होतं, बढती देऊन. तेही सगळं त्यांच्या त्या भाषणावर खूश होऊन! तरेंनी नकार कळवला. त्या शेवटच्या महिन्यांत ते चहाला बसायचे, पण वाद घालायचे नाहीत. मोमीन मुद्दाम काहीतरी खुसपट काढायचा. एकदा म्हणाला, "पढ़ा क्या? कार्ड जानेवाले हैं. थाली जैसी एक चकती आयी है, उसमें सब समाता है." आधीचे तरे असते तर म्हणाले असते, कार्ड जमिनीवर पडलं तर उचलता येतं, चकतीतून सांडलं तर कुठून उचलणार? आता म्हणाले, "बरोबर हाय तुझा." मोमीन बाहेर गेला आणि जिन्यात उभा राहून सिगरेट ओढत राहिला. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं, की मी टेबलावर स्वतःच टिचकी मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कप उचलला आणि धुवायला ठेवून आले.

मग आम्ही पांगलो. मोमीन आखातात गेला. मला ठाण्याला नोकरी लागली. तरे वडपे नाक्याला मेव्हण्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतात, असं कुणाकडून तरी कळलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा एकदा पडघ्याला लग्नाला गेले होते. परतताना वडप्याला मुद्दाम उतरले. पत्र्याचं ऑफिस, बाहेर ट्रक उभे, आत तरे. केस पांढरे झाले होते, वडील गेले होते. "पेठेबाई, या या," म्हणाले, आणि स्वतः उठून चहा सांगून आले. मनापासून आनंद झाला होता त्यांना, खोटं सांगत नाही. मी त्यांना आमच्या ठाण्याच्या ऑफिसातल्या गमती सांगायला लागले. अर्ध्या खऱ्या, अर्ध्या त्यांना चिडवायला. म्हटलं, "आमचे साहेब म्हणतात, प्रोग्राम तपासत बसायची गरज नाही. मशीनने चूक दाखवली नाही म्हणजे प्रोग्राम बरोबर."

"साहेब म्हणतात तर असंल तसंच," तरे म्हणाले.

"आणि म्हणतात, एकाचा प्रोग्राम दुसऱ्याला वाचायला देऊ नका, वेळ जातो."

"तेही खरं हाय."

एवढ्यात एक ड्रायव्हर आला आणि त्यांच्याशी भांडायला लागला, की नाशिकची पाळी त्याची नव्हतीच. मला वाटलं आता तरी! तरे म्हणाले, "बरं, तू म्हणशील तसं." ड्रायव्हरच गोंधळला. तो भांडायच्या तयारीने आला होता, तसाच निघून गेला.

ते मला एसटीपर्यंत सोडायला आले. रस्त्याच्या कडेला उभे होतो. मला काय सुचलं कुणास ठाऊक. त्यांचं मन हलकं करावं, एवढाच हेतू होता. म्हटलं, "तरे, इतकी वर्षं झाली, आता मनाला लावून घेऊ नका. तुम्ही त्या दिवशी शेठला बोललात ते खरंच होतं. ते मशीन भिवंडीत चाललंच नसतं."

"न्हाय," तरे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"चाललं असतं. बाई, तो भुगा दाराच्या फटीतनं येतो ना? दोन दारं करायची, मधी हातभर जागा सोडायची. रंगाई करतात ना, त्यांच्याकडं असतात तशी. फुकटात होतं काम. मी त्यांच्याकडं जाऊन बघून आलोय." ते बोलायला लागले, आणि आवाज चढला, मान पुढे आली, हात हलायला लागले. "व्होल्टेज सकाळी पडतं, दुपारी न्हाय. शिफ्ट सुरू व्हायच्या टायमाला मशीन चालवायचं कशाला? त्या वेळी कार्डं पंच करायची. मंग एकटा शुक्रवार कशाला, रोज दुपार मिळते. इंजिनियर लांबनं येतो म्हणालो मी. पण बिघाड काय असायचा? दहातल्या नऊ वेळा अडकलेला कार्ड. तो तर शालिनीसुद्धा काढायची! इंजिनियर पाहिजेच कशाला?"

एकेक मुद्दा ते खोडत होते. त्यांनी स्वतः मांडलेला, त्या शुक्रवारी, त्या खोलीत. वाक्यं घोटून गुळगुळीत झालेली होती. इतकी वर्षं हा माणूस ट्रकच्या पावत्या फाडत बसला होता आणि मनातल्या मनात तोड देत होता.

"मग तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं.

"स्वतःच्या बोलण्याला स्वतःच कशी तोड देणार? ती समोरच्यानं द्यायची," ते म्हणाले, अगदी साध्या गोष्टीसारखं. "मी वाट बघत व्हतो."

एसटी आली. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, चढताय का जाऊ?" मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. तरे खिडकीखाली आले. "आणि विजेचं बिल," ते म्हणाले, "त्याची तोड तर सगळ्यात सोपी हाय. ऐका..." बस हलली. ते बसबरोबर चालायला लागले, चालता चालता बोलत होते, मग थोडे धावले. मी कान लावून ऐकत होते. मागून ट्रकने हॉर्न धरला तो सोडेना. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, हात हवेत काहीतरी समजावत होता, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. मी तरीही जोरजोरात मान डोलावली. त्यांनी ते पाहिलं आणि ते थांबले.

पुढे वर्षभरातच ते गेल्याचं कळलं. विजेच्या बिलाची तोड काय होती, हे मी पुष्कळदा बसून काढायचा प्रयत्न केला. मला अजून ती सापडलेली नाही.